लाकडाची धूळ आणि तिची गाळणी



जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे येथील कारागिरांनी पिढ्यानपिढ्या पटाशीने कोरले. पटाशीची ढलपी जमिनीवर पडते आणि चुलीत जाते. विजेवरील करवत आणि घासणयंत्र आले की ढलपीबरोबर पिठासारखी धूळही निघते. ती हवेत तरंगत राहते व कारागिराच्या छातीत उतरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांना हा धोका विशेष असतो. धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती शोषून घ्यावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम १४ सांगत असे. लहान कार्यशाळेला असा कायदा लागू असो वा नसो, तेथील मुलांची फुप्फुसे तितकीच नाजूक असतात.

धूळ शोषणारे यंत्र घेताना बहुधा अश्वशक्ती व किंमत पाहिली जाते. खरा प्रश्न गाळणीचा आहे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, तर छातीत खोल जाणारे कण १० मायक्रॉनहून लहान असतात. ३० मायक्रॉनची स्वस्त पिशवी भुसा अडवते आणि बारीक धूळ पुन्हा खोलीत फुंकते. जमीन स्वच्छ दिसते. हवा मात्र अधिक घातक होते. म्हणून गाळणी १ मायक्रॉनपर्यंतची असावी.

दुसरी बाब कापडाच्या क्षेत्रफळाची. दर मिनिटास ३० घनमीटर हवा ओढणाऱ्या पंख्यास साध्या कापडी गाळणीचे सुमारे १० चौरस मीटर क्षेत्र लागते. कापड कमी पडले की ते लवकर तुंबते व ओढ मंदावते. गाळणीपूर्वी शंकूच्या आकाराची टाकी बसविल्यास हवा तिच्यात गरगरते, जड भुसा खाली पडतो आणि गाळणीवरील भार हलका होतो. शक्य तेथे हे यंत्र खोलीबाहेर, छपराखाली व वस्तीपासून दूर ठेवावे. मात्र खोलीत ताजी हवा येण्यास वाट हवी.

या डोंगराळ भागातील पावसाळा गाळणीची खरी परीक्षा घेतो. दमट हवेत धूळ कापडावर लगद्यासारखी बसते व वाळल्यावर घट्ट होते. त्यामुळे ओले लाकूड यंत्रावर घेऊ नये आणि भुशाची टाकी रोज रिकामी करावी. गाळणी काठीने बडवू नये. पंखा बंद करून हलक्या हाताने झटकावी. कापडावर धुळीचा पातळ थर राहणे हितकारकच असते, कारण तोच सूक्ष्म कण अडवितो. कागदी गाळणी पाण्याने धुऊ नये. सफाई करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी अवश्य बांधावी. लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या या नळीत कदापि जाऊ देऊ नयेत. बारीक लाकडी धूळ स्फोटासारखी पेट घेऊ शकते.

गाळणी कधी तुंबली हे कसे ओळखावे? इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वाकविलेल्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरावे. तिचे एक टोक पंखा व गाळणी यांमधील नळीस जोडावे, दुसरे मोकळे ठेवावे. गाळणी काही दिवस वापरात रुळल्यावर पाण्याच्या दोन पातळ्यांतील अंतर भिंतीवर लिहून ठेवावे. ते दुप्पट झाले की सफाईची वेळ आली. विद्यार्थ्यांना विज्ञानाचा हा पाठही आपोआप मिळतो.

पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी यंत्राच्या मागणीपत्रात अश्वशक्तीबरोबर गाळणीचे मायक्रॉन आणि क्षेत्रफळही लिहावे, तसेच दुसऱ्या गाळणीच्या खर्चाची तरतूद त्याच वेळी करावी. यंत्र एकदाच विकत घ्यावयाचे असते. गाळणीची काळजी मात्र रोज घ्यावी लागते. हाताला कसब देताना श्वास हिरावून घेतला जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक कार्यशाळेने बाळगलीच पाहिजे.