घरपट्टी आणि परतीची वाट



निवृत्ती जवळ आली की दिल्लीच्या उपनगरात घर केलेल्या आम्हां सरकारी नोकरांस घरपट्टी भरताना दरसाल एकच प्रश्न पडतो : येथेच राहावे, की पुण्यास परतावे? यंदा आम्ही उभयतांनी कागद घेऊन हिशेबच मांडला.

दिल्लीत पूर्वी घरपट्टी अपेक्षित भाड्यावरून ठरे आणि त्यावरून वाद माजत. 2004 पासून वसाहतींचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ वर्ग झाले. वर्ग, क्षेत्रफळ, बांधकाम, घराचे वय व वापर यांवरून मालकानेच कर काढावयाचा असतो. वसाहत वरच्या वर्गात असली की तेवढ्याच घरास कर अधिक पडतो.

म्हणून पुण्यास जावे, तर तेथेही घरपट्टी चुकत नाही. तेथील 40 टक्के सवलत मध्यंतरी गेली आणि 2023 मध्ये परत मिळाली. पण ती मालक स्वतः राहत असलेल्या घरासच. आमची सदनिका अकरा वर्षे कुलुपबंद! दोन डगरींवर हात ठेवल्याने दोन्हीकडे कर भरत होतो.

तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, “रात्री-अपरात्री हाक मारावी असे पुण्यात आता कोण उरले आहे?” आम्ही निरुत्तर झालो. तशी माणसे येथे, या मंडळातच होती. सदनिका विकावयाचे ठरले. कुलूप काढताना हात थरथरला, हेही कबूल केले पाहिजे.

आपला निर्णय निराळा असू शकेल. मात्र तो केवळ घरपट्टीच्या पावतीवरून करू नये, आणि निवृत्तीपूर्वीच करावा, एवढीच विनंती.