पंख्याखालची खोली



येत्या काही दिवसांत तुम्हा नव्या आर्किटेक्ट पदवीधरांपैकी बरेच जण कुठल्या तरी ऑफिसात महापालिकेच्या मंजुरीचे नकाशे काढायला बसतील. चटईक्षेत्राचा तक्ता, पार्किंगचा हिशेब, जिन्याची रुंदी, अग्निशमन बंबाला वळायला जागा, सगळं त्या नकाशात तपासलं जातं. तिथे कुणीच न विचारणारा एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. मे महिन्यात, रात्री दहा वाजता, एसी नसलेल्या या खोलीत नुसत्या पंख्याखाली माणसाला झोप लागेल का? पर्यावरणपूरक इमारतींविषयी आपल्याकडे बरंच बोललं जातं. काचेच्या उंच इमारतीच्या दाराशी मानांकनाची चकचकीत पाटी लागते आणि आत बाराही महिने वातानुकूलन चालू असतं. त्या पाट्यांशी माझं भांडण नाही. पण घराची पहिली कसोटी ही पंख्याखालची खोलीच आहे, आणि विजेच्या बचतीचे, कर्ब उत्सर्जनाचे हिशेब तिच्यामागून येतात, असं माझं म्हणणं आहे. शिवाय या कसोटीचा निकाल महागड्या यंत्रांपेक्षा नकाशावरच्या दोन-चार रेषांवरच जास्त ठरतो.

त्यातली पहिली रेषा दोन इमारतींमधल्या अंतराची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्त्या सुधारण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने मांडला. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा. गणित सोपं आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. (ट्रस्टने सुरुवातीच्या काळात बांधली त्याहून जास्त घरं पाडली आणि गरिबांना हुसकावलं, हेही खरं; नियम चांगला म्हणून नियम करणारे उदार होते असं नव्हे.) आता शंभर वर्षं पुढे या. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. ऑर यांच्या हिशेबाने तिथे दहा-बारा मीटर लागले असते. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांचा एक अभ्यास २०१८मध्ये पुढे आला. ज्या वसाहतींत उजेड आणि वारा कमी, तिथे क्षयरोग जास्त, असं त्यात दिसलं. प्लेगनंतर शिकलेला धडा आपण क्षयाच्या निमित्ताने पुन्हा गिरवतो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मुंबईत जागा कुठे आहे? जागा कमी आहे हे खरं, पण अंतर कमी पडतं ते केवळ त्यामुळे नाही. झोपडपट्टी पुनर्विकासाच्या एखाद्या योजनेचा आराखडा समोर घ्या. एकाच भूखंडावर विक्रीसाठीचा मनोरा पोडियम, बाग आणि पोहण्याचा तलाव सांभाळून ऐसपैस उभा असतो. पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात खेटून बसवलेल्या असतात. दाटी तेवढीच राहून मोकळी जागा वेगळी वाटता आली असती. म्हणजे हा प्रश्न जागेचा जितका, तितकाच वाटपाचा आहे, आणि ते वाटप कुणीतरी आर्किटेक्टच कागदावर करून देतो.

दुसरी रेषा छताची. ग्रामीण घरकुल योजनेत किमान पंचवीस चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात एक लाख वीस हजारांचं अनुदान मिळतं. त्या पैशात लाभार्थी वर पत्रा तरी टाकतो किंवा पदरमोड करून उघडा स्लॅब घालतो. पत्रा उन्हाबरोबर तापतो आणि ऊन उतरलं की निवतो. स्लॅब मात्र दुपारभर ऊन पीत राहतो आणि संध्याकाळपासून ते खाली सोडतो. पंखा हवा हलवतो. वरून अंगावर येणारी धग त्याला अडवता येत नाही. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात लोक गच्चीवर अंथरुणं टाकतात, त्यात हौसेपेक्षा या धगीचा भाग मोठा आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या ‘इको निवास संहिते’ने छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचं माप, जास्तीत जास्त १.२ ठरवली. सहा इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर जाते. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी लिहिलेली आहे. ज्याच्या डोक्यावर सर्वांत वाईट छप्पर, तो नियमाच्या बाहेर. हा विनोद कुणी जाणूनबुजून केला नसेल, पण झाला आहे खरा.

मग पूर्वीचं माळवदच बरं होतं का? लाकडी खणांवर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर, खाली रुंद दगडी भिंती, त्यामुळे भर उन्हाळ्यात आत गारवा. त्या गारव्याच्या आठवणी काढणाऱ्यांना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरता येणार नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं याच माळवदांखाली आणि याच भिंतींखाली गेली. हा आक्षेप हलका नाही, म्हणून तो नीट पाहायला हवा. तिथल्या भिंती म्हणजे दगडाचे दोन पदर आणि मध्ये माती-दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, कोपरे सांधलेले नव्हते, आणि दरवर्षी नवी माती टाकून टाकून छताचं वजन वाढत गेलेलं. पदर फाकले आणि वरचं ओझं खाली आलं. अनेक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा मात्र उभा राहिला. घात बांधणीतल्या उणिवांनी केला, आणि त्या दूर करण्याच्या रीती अभियांत्रिकीत आहेत. पण लोकांच्या मनात ‘दगड-माती म्हणजे मरण’ एवढंच ठसलं, आणि ते स्वाभाविकही होतं. त्यांना परत माळवदाकडे चला म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. माळवद जे काम करत होतं, ते स्लॅबकडून करून घेणं हे आपलं काम आहे.

ते अवघड नाही. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर गळती थांबवायला ब्रिकबॅट कोबा करतात आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक बसवतात. विटांचे तुकडे उष्णता अडवतात, पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. फक्त कोब्याचं वजन स्लॅबच्या डिझाइनमध्ये आधीच धरावं लागतं. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला फिलर स्लॅब घ्या. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट नुसतं भरीला असतं, तिथे मंगलोरी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं आणि कौलांच्या पोटात हवा अडकते. यातलं काहीच परवडत नसेल तर चुना आहे. अहमदाबादेत मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. २०१३मध्ये त्या शहराने उष्माघात रोखण्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याची मोहीम त्याला जोडली. चुना धुळीने मळतो आणि पावसात धुऊन जातो, हा आक्षेप बरोबर आहे. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, पोरं खेळतात, चुना पायाला लागतो, हाही बरोबर. त्यावर उपाय एवढाच की रंगरंगोटीचा आपला मोसम दिवाळीचा असला तरी छताचा चुना होळीच्या आधी, दरवर्षी मारायचा.

एसी स्वस्त होतोच आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जाईल. केंद्र सरकारच्या २०१९च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार २०३७-३८पर्यंत देशाची थंडाव्याची गरज २०१७-१८च्या तुलनेत सुमारे आठपट होईल. एसी लागणार आहेत आणि आजारी, म्हाताऱ्या माणसांना ते मिळालेच पाहिजेत. पण एसी खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो आणि गल्लीत शेजाऱ्याची खिडकी असते. शिवाय तापलेल्या स्लॅबखाली दीड टनाचा लागतो, तिथे सावलीतल्या खोलीत एक टनाचा पुरतो. यंत्र नको असं मी म्हणत नाही. वाईट नकाशाचं बिल राहणाऱ्याने जन्मभर भरू नये, एवढंच म्हणतो. कर्ब उत्सर्जनापुरतं सिमेंटचंही ओझरतं सांगतो. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळून केलेल्या एलसी-थ्री सिमेंटला २०२३मध्ये भारतीय मानक मिळालं आहे आणि त्यात कर्ब उत्सर्जन तीस-चाळीस टक्क्यांनी कमी होऊ शकतं. ते वापरा. पण जगाच्या उत्सर्जनात आपला दरडोई वाटा थोडा, मग आपण का सोसायचं, या युक्तिवादाला माझ्या विषयात जागाच नाही. सावली, वारा आणि गार छत यांत कुणी काही सोसत नाही.

एक साचा सगळीकडे चालणार नाही, हेही ध्यानात ठेवा. विदर्भात जाड भिंत, लहान खिडकी आणि वाळ्याची ताटी काम करते. कोकणात दमट हवा वाहती राहायला हवी. तिथे कूलर लावला तर ओल वाढते. तरीही सिंधुदुर्गात आणि गोंदियात एकाच चौकोनाच्या झेरॉक्स प्रती उभ्या राहतात. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत पेच नेमका ओळखला होता. मुंबईत वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पाऊसही पश्चिमेचाच. त्यांनी फ्लॅटच्या कोपऱ्यात दुमजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या; वारा आत आला, ऊन-पाऊस बाहेर राहिला. ती घरं श्रीमंतांची होती, हे खरं. पण त्याच कोरियांनी बेलापूरला कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बैठी, अंगणाभोवतीची वसाहत रचली. व्हरांड्याची किंमत चटईक्षेत्रात मोजली जाते म्हणून तो आज छाटला जातो आणि उरलेली बाल्कनी लोक खोलीत घेतात. तेव्हा निदान दीड-दोन फुटांचा छज्जा तरी पश्चिमेच्या खिडकीवरून काढू देऊ नका, आणि उतरतं ऊन छज्ज्याने थांबत नाही म्हणून तिथे उभी जाळी किंवा बाहेरची झडप मागा. बिल्डर कुरकुर करेल. त्याला रकमेचा आकडा दाखवा. प्रत्येक फ्लॅटमागे तो बहुधा मॉड्युलर किचनच्या एका कपाटाहून मोठा नसतो.

इमारत कोसळणार नाही, याची सही आज स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. ती मे महिन्यात रात्री किती तापेल, याची सही कुणी करत नाही, कारण ती कुणी मागत नाही. तो हिशेब करायला लागणारं गणित आणि सॉफ्टवेअर तुम्ही शिकला आहात. सर्वांत वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली, तळमजल्यावरची सर्वांत अंधारी खोली, या दोहोंचे आकडे मंजुरीच्या नकाशात, चटईक्षेत्राच्या तक्त्याशेजारी, आपणहून लिहायला सुरुवात करा. महापालिका ते तपासणार नाही. पण घर घेणारा वाचेल, सोसायटी वाचेल, आणि एखादा नगरसेवक सभागृहात विचारेल की हा आकडा बाकीच्यांच्या नकाशात का नाही.