काट्टल बागान ते पवई
(हीरक महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



1894 साली वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ पटकीची लस घेऊन कोलकात्याच्या काट्टल बागान वस्तीत गेले. रोगाच्याच जंतूंपासून केलेली लस टोचून घेण्यास माणसे बिचकणार, हे उघड होते. तेथील सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी ती घेतली. पुढे वस्तीत पटकीने ज्यांना गाठले, ते सारे लस न घेतलेले होते. मुंबईत प्लेग आला, तेव्हा 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

शत्रूलाच कामाला लावण्याची ती विद्या आज फार पुढे गेली आहे. विषाणू पेशीत शिरतो आणि आपली जनुके तिच्याकडून राबवून घेतो. त्याची शिरण्याची कला तेवढी ठेवावी, अपाय करणारी व वाढणारी जनुके काढावीत आणि रुग्णाला हवे ते जनुक त्यात घालावे. तोच विषाणू औषधाचा वाहक होतो. त्याच्या कवचावरील प्रथिने पेशीवरील ठरावीक रेणूंनाच चिकटतात. म्हणून कवच बदलले, की पत्ता बदलतो.

आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार19’ या उपचारात रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी शरीराबाहेर काढतात. एचआयव्हीच्या कुळातील, निर्धोक केलेला विषाणू त्यांना नवे जनुक देतो. परत शरीरात सोडलेल्या या पेशी रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखून त्यांचा नाश करतात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे त्याचे लोकार्पण केले.

अमेरिकेत 2017 साली अशा पहिल्या उपचाराची किंमत 4,75,000 डॉलर होती. भारतीय उपचार त्याच्या सुमारे दशांश खर्चात होतो. तरीही ती रक्कम लाखांत आहे, आणि सामान्य घराला ती पेलवत नाही.

या वाटेवर काटेही आहेत. 1999 साली अमेरिकेत विषाणूद्वारे जनुक देण्याच्या एका प्रयोगात 18 वर्षांचा तरुण दगावला आणि या क्षेत्राची गती बराच काळ मंदावली. हाफकिन यांनाही हे चुकले नाही. 1902 मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे सिद्ध होण्यास वर्षे लागली. 1907 मध्ये निर्दोष ठरून ते पुन्हा कोलकात्यास कामावर परतले.

विश्वास टोचून देता येत नाही. धोका रुग्णाला त्याच्या मातृभाषेत, न लपवता सांगावा लागतो. गुण आला तर तो गरिबाच्या दारापर्यंत न्यावा लागतो. या शाळेच्या बाकांवरून उठून जे प्रयोगशाळांत, रुग्णालयांत आणि शासनात गेले आहेत, त्यांच्याकडून ही दोन कामे व्हावीत, हीच या हीरक महोत्सवी वर्षाची अपेक्षा.