आचार्य अत्रे : लेखणी आणि आमदारकी
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मागे एका मुलाने आम्हांला विचारले होते, "बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत भाषण करणारे अत्रे आपले कोण हो?" तेव्हा आम्ही नीट उत्तर दिले नाही. ते आज देतो.

प्रल्हाद केशव अत्रे सासवडचे. जन्म १३ ऑगस्ट १८९८. शिक्षक, नाटककार, सिनेमावाले, सगळे झाले. पण खरा पिंड पत्रकाराचा. पुण्याच्या नगरपालिकेत ते काँग्रेसतर्फे निवडून गेले, तेव्हा रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव त्यांनी द्यायला लावले. ज्या पुण्यात सावित्रीमाईंवर शेण फेकले गेले, त्याच पुण्याच्या मंडईला हे नाव! १९४० साली त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढले.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मुंबईत गोळीबार झाले, माणसे पडली. १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले. पेपर एकाने मोठ्याने वाचायचा आणि सगळ्या चाळीने ऐकायचा, असे आमचे वडीलधारे सांगत. 'मराठा' जेमतेम तीन आठवड्यांचा झाला आणि ६ डिसेंबर उजाडला. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या शोकसागरापुढे अत्रे बोलायला उभे राहिले.

इथे काही लोक शंका काढतात. म्हणतात, १९५७ ची निवडणूक तोंडावर होती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीत होते, मतांसाठी बोलले असतील. शंका घेणे वाईट नाही, ती तपासावी. 'नवयुग'ने आंबेडकर विशेषांक काढला तो १९४७ साली. तेव्हा कुठली समिती नि कुठली मते? १९५४ साली त्यांनी 'महात्मा फुले' चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. मतांचा हिशेब करणारा माणूस दहा वर्षे आधीपासून पेरणी करत नसतो.

१९५७ ला ते दादरमधून आमदार झाले. तेव्हा मुंबई राज्य द्विभाषिक होते, गुजरातीही त्यात. समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला चांगलेच हादरवले. सभागृहात अत्र्यांनी सरकारला सोडले नाही. नव्या राज्याचे नाव 'महाराष्ट्र'च पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. मात्र आमचे मत विचाराल तर सभागृहापेक्षा त्यांचा अग्रलेख मोठा होता. आमदाराला अध्यक्ष खाली बसवू शकतो, संपादकाला कोण बसवणार?

दोषही सांगितले पाहिजेत. त्यांची लेखणी चिडली की ताळतंत्र सोडायची. विरोधकाच्या घरादारापर्यंत जायची. हे आम्हांला पटत नाही. पण मन मोठे होते. ज्या नेहरूंवर त्यांनी वर्षानुवर्षे आग ओकली, ते १९६४ साली गेले तेव्हा याच माणसाने 'मराठा'त त्यांच्यावर रडत रडत लेखमाला लिहिली.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले, सत्तेच्या खुर्च्या दुसऱ्यांनाच मिळाल्या. अत्र्यांच्या हाती राहिला 'मराठा'. १३ जून १९६९ ला ते गेले, तोवर तो त्यांनी चालवला.

तर बाळ, ७ डिसेंबरला ते बोलले तेव्हा ना आमदार होते ना मंत्री. ते एका नव्या पेपरचे संपादक होते, आणि आपली माणसे रडत होती तेव्हा ते आपल्यात उभे होते.

जयभीम.