दगडावर आकडा, नाव कुठे?
(जालना जिल्हा बैठकीतील भाषण)



साताऱ्याकडे किंवा कोकणात गेलात, तर काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली दगडी पाटी दिसते. १९१४ च्या महायुद्धात या गावचे इतके गेले, त्यातले इतके मेले. संपलं. नाव एकाचंही नाही. साताऱ्याच्या अपशिंगे गावचे ४६ जण परत आले नाहीत.

सक्तीच्या भरतीचा कायदा हिंदी माणसाला नव्हता. लागलाच नाही. १९१८ मध्ये प्रांताप्रांताला माणसांचे आकडे वाटून दिले गेले. शिपायाला महिना ११ रुपये. त्याच साली पाऊस दडी मारून बसला, वर इन्फ्लुएंझाची साथ. ज्वारी करपलेल्या घरात ११ रुपये ही सक्तीच असते. तिला हुकूम लागत नाही. त्याच १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी फिरले, तेव्हा सत्याग्रहात फुकट गाड्या देणारे शेतकरी भाडं घेऊनही गाडी देईनात. शेतकऱ्याला हिशेब कळतो, तो असा.

मराठा पलटणी इराकात कुतच्या वेढ्यात अडकल्या. खायला नाही, म्हणून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे बसऱ्याला मोठं स्मारक झालं. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४० हजारांवर मृतांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अंमलदाराचंही कोरलं. हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीखाली नुसता आकडा! शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, या भेदभावाची चौकशी झाली आणि ब्रिटिश सरकारने माफी मागितली.

आपला जालना तेव्हा निजामाकडे. निजामाचे घोडेस्वारही पॅलेस्टाईनला गेले. दिल्लीच्या तीन मूर्तींतली एक हैदराबाद संस्थानची आहे. मूर्ती आहे, पण तो स्वार कोणत्या गावचा, हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

आम्ही स्मारकाच्या विरोधात नाही. आमचा आक्षेप आकड्याला आहे. सरकारला शेतकरी नेहमी आकड्यातच दिसतो, आत्महत्येच्या यादीतसुद्धा. आजही अंबड-परतूरच्या रस्त्यांवर पहाटे पोरं भरतीसाठी धावतात. देशप्रेम आहेच. पण कापसात चार पैसे उरले असते, तर त्यातली किती धावली असती? २०२२ पासून तर नोकरीही चार वर्षांची. शंभरातले पंचवीसच पुढे ठेवायचे.

तेव्हा प्रत्येक गावाने एक वही करावी. कोणत्याही लढाईत गेलेला माणूस, त्याचं नाव, बापाचं आणि आईचं नाव. आणि एक रकाना जास्तीचा: तो गेल्यावर त्याचं रान कोणी कसलं, की विकलं. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, त्यांना हे सगळं पाठ असतं. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.