पुन्हां शिडाखालीं

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेल्या मनुष्यास डॉक्टर जे नियम सांगतात, ते बहुतेक घरांना परिचित असतात. वांकून घागर उचलूं नये, अंगास एकदम पीळ देऊं नये, धक्के बसतील असा प्रवास टाळावा. शिडाच्या नौकेवर राहणाऱ्यास यांतील एकही नियम पाळतां येणार नाहीं. कारण तेथें घरच हलत असतें. निजलेल्या मनुष्याची पाठदेखील लाटेगणिक तोल सांवरीत असते. तेव्हां अशा शस्त्रक्रियेनंतर कोणी पुन्हां नौकेवर राहावयास गेला, तोही एकटा, आणि साऱ्या पृथ्वीस वळसा घालण्यासाठीं, असें ऐकल्यावर मनांत प्रथम येतें तें कौतुक नव्हे, तर राग. तो अगदींच अस्थानीं आहे असें म्हणवत नाहीं.

कमांडर अभिलाष टॉमी हे भारतीय नौदलांतील वैमानिक. १ नोव्हेंबर २०१२ रोजीं ते मुंबईहून, गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेवरून एकटे निघाले आणि कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून पुढील वर्षाच्या मार्चअखेर परतले. त्याच नौकेवरून २००९-१० मध्यें कमांडर दिलीप दोंदे यांनीं वाटेंत चार ठिकाणीं थांबून एकट्यानें प्रदक्षिणा पुरी केली होती. भारतीयांतील पहिला मान दोंदे यांचा.

पुढें २०१८ सालीं फ्रान्समधील ले साब्ल दोलोन या बंदरांतून ‘गोल्डन ग्लोब’ नांवाची शर्यत निघाली. हिचा नियम विलक्षण आहे. १९६८ सालीं जीं साधनें होतीं तशींच वापरावयाचीं. उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान सांगणारें यंत्र मोहोरबंद ठेवावयाचें, आणि मार्ग काढावयाचा तो सूर्य, तारे, कागदी नकाशे व सेक्स्टंट यांवरून. १९६८ ची मूळ शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं मुंबईंत बांधलेल्या ‘सुहैली’ नौकेवरून जिंकली होती. टॉमी यांची ‘तुरीया’ तिच्याच धर्तीवर गोव्यांत बांधलेली, अवघी ३२ फूट लांबीची.

२१ सप्टेंबर २०१८ रोजीं, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारें १९०० सागरी मैलांवर, तुफानानें तिला गांठलें. लाटा १४ मीटरपर्यंत उंच उठत होत्या. नौका उलटली, डोलकाठी मोडली, आणि टॉमी यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. त्यानंतर तीन दिवस ते आंतल्या बिछान्यावर पडून होते. उठवत नव्हतें. थंड चहाचे डबे हाताशीं होते, पण उलट्या थांबत नव्हत्या. ग्रेगर मॅकगकिन हे त्यांचे आयरिश प्रतिस्पर्धी. त्यांचीही डोलकाठी त्याच तुफानांत गेली होती, तरी तात्पुरतें शीड उभारून ते टॉमींच्या दिशेनें निघाले. भारताच्या व ऑस्ट्रेलियाच्या विमानांनीं शोध घेतला आणि २४ तारखेस ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें टॉमी यांस उचलून अ‍ॅम्स्टरडॅम बेटावर नेलें. तेथून ‘सातपुडा’ या भारतीय युद्धनौकेनें त्यांना विशाखापट्टणमला आणलें. ‘तुरीया’ समुद्रांतच सोडून द्यावी लागली. एका मनुष्यासाठीं किती जणांस त्या खवळलेल्या पाण्यावर जावें लागलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे रागाचें कारण कळतें.

शस्त्रक्रियेंत कण्यास टिटॅनियम धातूचा आधार देऊन पांच मणके एकत्र जोडले गेले. या क्रियेचें मर्म असें, कीं धातूचे दांडे हा केवळ मधल्या काळाचा टेकू; हाडाशीं हाड सांधून एकजीव होईपर्यंत मणके स्थिर धरणें हें त्यांचें काम. त्याला महिने लागतात. जुळलेला भाग मजबूत असतो, परंतु तो वांकत नाहीं. आणि तो वांकत नाहीं म्हणून त्याच्या वरच्या व खालच्या सांध्यांवर अधिक ताण येतो. बरें झालेलें शरीर म्हणजे पूर्वींचें शरीर नव्हे. टॉमी यांस चालावयासही पुन्हां शिकावें लागलें.

अशा पाठीचा हिशेब नौकेवर पदोपदीं द्यावा लागतो. सेक्स्टंटमधून सूर्य पाहावयाचा तर दोन्ही हात त्या यंत्रास लागतात. तोल सांभाळावयाचा तो पायांनीं आणि पाठीनें. शीड आंखडावयाचें तर दोर ओढतांना कंबरेस पीळ बसतोच. स्वयंपाक करतांनासुद्धां एका अंगानें कशास तरी रेलून उभें राहावें लागतें. किनाऱ्यावरचा मनुष्य थकला तर खुर्चींत बसतो. येथें बसणें हेंही श्रमाचेंच.

२०२१ मध्यें नौदलांतून निवृत्त झाल्यावर टॉमी यांनीं त्याच शर्यतींत पुन्हां नांव घातलें. या खेपेस नौका ३६ फुटी, नांव ‘बयानत’. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं ती त्याच बंदरांतून सुटली. वाटेंत वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू धरणारें यंत्र वारंवार नादुरुस्त होऊं लागलें. एकट्या नाविकास हें यंत्र म्हणजे दुसरा मनुष्यच. तें थांबलें कीं झोपही गेली. त्याचें मोडलेलें पातें बनविण्यासाठीं टॉमी यांनीं शेवटीं नौकेवरील शौचकूपाचें दार कापलें. हें यंत्र नौकेच्या अगदीं मागच्या टोकास, पाण्यावर बसविलेलें असतें. त्याची दुरुस्ती ओणवें होऊनच करावयाची. म्हणजे डॉक्टरांच्या यादींत जें पहिल्यानें वर्ज्य असतें, नेमकें तेंच.

२९ एप्रिल २०२३ रोजीं, २३६ दिवसांनंतर, ‘बयानत’ परत ले साब्ल दोलोनला लागली. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन न्यूशेफर या बाई दोनच दिवस आधीं पोहोंचून पहिल्या आल्या होत्या, टॉमी दुसरे. निघालेल्या १६ नौकांपैकीं मधें न थांबतां प्रदक्षिणा पुरी करणारे तिघेच होते, आणि तिसरा गडी अजून समुद्रावरच होता.