हजेरी कोणाची?

छत्तीस वर्षें मीं वर्गांत हजेरी घेतली. नांव उच्चारावें, समोरून ‘हजर’ असा शब्द यावा आणि मीं रेघ ओढावी. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां शंका आली, कीं ‘हजर’ म्हणत होतें तें कोण? देह, मन, कीं आत्मा? हजेरीपटांत रकाना तर एकच होता!

आत्म्याचा ठावठिकाणा लावण्याची खटपट पाश्चात्त्यांनींही केली आहे. फ्रेंच तत्त्ववेत्ता डेकार्ट यानें १६४९ सालच्या ग्रंथांत मेंदूच्या मध्यभागीं असलेल्या एका चिमुकल्या ग्रंथीवर आत्म्याला मुख्य आसन दिलें. त्या ग्रंथींतून झोपेचें वेळापत्रक सांभाळणारा स्राव पाझरतो, हें आज आपण जाणतों. आत्मा शोधतां शोधतां सांपडली ती निद्रा. माझ्या शेवटच्या तासाला अगदीं तेंच होत असे! पुढें अमेरिकेंतील डॉक्टर मॅक्डूगल यांनीं सहा मरणासन्न रोगी खाटेसह तराजूवर ठेवले आणि आपलीं निरीक्षणें १९०७ सालीं प्रसिद्ध केलीं. एकाचें वजन सुमारें २१ ग्रॅम घटलें. इतरांचे आकडे जुळेनात. पंधरा कुत्र्यांचें कांहींच घटलें नाहीं, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाहीं! असें उत्तर चौथींतल्या मुलानें काढलें असतें, तर मीं त्याला कोपऱ्यांत उभें केलें असतें.

आपले नैयायिक तराजूच्या वाटेला गेले नाहींत. त्यांच्या मतें ज्ञान हा आत्म्याचा गुण. आत्मा सर्वव्यापी, मन मात्र परमाणूएवढें. म्हणून एका क्षणीं एकाच गोष्टीचें ज्ञान होतें.

उतारवयांत हें वाचलें आणि एक मुलगा आठवला. तो खिडकीबाहेर पाहात बसला होता. मीं तीनदां प्रश्न विचारला, उत्तर नाहीं. हातावर छडी बसली. मागाहून समजलें, कीं त्याच सकाळीं त्याच्या आईला इस्पितळांत नेलें होतें. त्याचें तें परमाणूएवढें मन तिच्या उशापाशीं होतें. मीं छडीनें केलें काय, तर तें तेथून ओढून आणलें. ज्ञान जर आत्म्याचा गुण असेल, तर त्या दिवशीं माझ्या आत्म्यापाशीं तो नव्हता. भूगोल तेवढा होता.

आतां नातवाचें लक्ष उडालें, कीं ‘ऐकतोस ना?’ असें मी विचारीत नाहीं. ‘कोठें आहेस?’ असें विचारतों. तो सांगतो. मीही तेथवर जाऊन येतों, आणि मग आम्ही दोघे मिळून धड्याकडे परततों.